आधी तेवीस नंबर बघा: खान्देशात गावाच्या आणि कॉलनीच्या कामाला सरकारी निधी कसा आणायचा

२०१७ साली ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा निधीबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे तो 'वरून' येतो. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, काळ्या मातीचं. पावसाळ्यात कोणी गेलं की तिरडी खांद्यावर आणि चिखल पोटरीपर्यंत. म्हणून पहिलंच काम डोक्यात घेतलं ते गावठाण ते स्मशानभूमी रस्त्याचं, चारशे मीटर काँक्रीट. लोकप्रतिनिधीचं पत्र आणलं, अर्ज दिला, हेलपाटे घातले. सात महिन्यांनी फाइल परत आली. वर एका ओळीचा शेरा होता: "सदर रस्त्याची नमुना २३ ला नोंद आढळून येत नाही."

शंभर वर्षं ज्या रस्त्याने गावाची माणसं शेवटची गेली, तो रस्ता सरकारी कागदावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, नव्हताच. मी रडकुंडीला आलेली पाहून एका जुन्या कारकुनाने अहिराणीत समजूत घातली, "पैसा येस वहिनी, पन कागद पहिले लागस." त्या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं काढली. जे शिकले ते इथे लिहिते आहे. नव्याने निवडून आलेले सदस्य, बचत गटातल्या बाया, गावासाठी काही करू पाहणारी पोरं आणि शहराच्या कडेला प्लॉट घेऊन रस्ता-गटारीची वाट बघत बसलेले लोक, या सगळ्यांच्या उपयोगी पडावं.

कामाचं नाव एका ओळीत लिहा, मग त्याचं घर शोधा

"गावाचा विकास करा" या अर्जाचं कोणीच काही करू शकत नाही. "जिल्हा परिषद शाळेला संरक्षक भिंत, लांबी ९० मीटर" असा अर्ज असला की त्याचं काहीतरी होतं. सरकारी पैशाला घर असतं. कार्यालयात त्याला लेखाशीर्ष म्हणतात, बोलताना सगळे 'हेड' म्हणतात. चुकीच्या हेडखाली मागितलेलं चांगलं कामसुद्धा परत येतं. तेव्हा मोठी मोठी घरं कोणती ते आधी बघू.

ग्रामपंचायतीच्या सगळ्यात हाताशी असतो तो वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. त्यातून गावाच्या गरजेची इतर कामं होतात, पण पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. राज्यात या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला असा वाटप होत आला. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे नवा आराखडा करताना टक्केवारी जुन्या फाइलीतून उतरवू नका, ताजं परिपत्रक समोर ठेवा.

दुसरं घर आहे 'पंचवीस-पंधरा'. हे ऐकून मी पहिल्यांदा तारीख समजले होते! २५१५ हा लेखाशीर्षाचा आकडा आहे. गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकास विभागाचा हा निधी असतो आणि तो बहुतेक वेळा आमदारांच्या शिफारशीने येतो. गल्लीतलं काँक्रीट, गटार, सभागृह अशी कामं यात बसतात. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत इमारत यांच्यासाठी 'जनसुविधा' आहे, मोठ्या लोकसंख्येच्या गावांसाठी 'नागरी सुविधा'. या दोन्हींचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी.

वस्ती कोणाची आहे यावरही हेड ठरतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीचं काम जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातं, लोक त्याला 'दलित वस्ती' म्हणतात. तांड्यासाठी वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना. आदिवासी पाड्यासाठी ठक्कर बाप्पा योजना, आणि तिथे दार वेगळं: एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. खान्देशात अशी चार कार्यालयं आहेत, नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल. चोपडा तालुक्यातल्या पाड्याने जळगावला खेटे घालण्याआधी यावलला विचारावं.

आमदार आणि खासदार निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी असतो. आकडा मोठा वाटतो, पण मतदारसंघातली गावं मोजली की गावाच्या वाट्याला किती येईल हे कळतं. खासदार निधीतून देवळाच्या आवारात बांधकाम होत नाही, एका कुटुंबाच्या फायद्याचं कामही होत नाही. आपल्याकडे देवळासमोरच्या मंडपाचं कागदावर 'सामाजिक सभागृह' का होतं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पाणीपुरवठ्याचं काम जलजीवन मिशनमधलं असेल तर लोकवर्गणी धरलेली असते. गावातल्या योजनेच्या खर्चाच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावात ५ टक्के. नळ आला की वर्गणी कोण देतो? म्हणून पाणी समितीने ती आधीच गोळा करावी, पावतीसह.

आता तेवीस नंबर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्या फाइली इथेच मरतात.

ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये असतं. त्यातले चार तुमच्या कामाचे. ८ म्हणजे घरांची कर आकारणी. २२ म्हणजे इमारती, टाकी वगैरे स्थावर मालमत्ता. २३ म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते. २४ म्हणजे जमिनी. रस्ता मागायचा तर तो तेवीसला हवा. सभागृहाची दुरुस्ती मागायची तर ते सभागृह बावीसला हवं. ग्रामपंचायतीत जा आणि उतारा मागा. कागदोपत्री पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, तलाठ्यांचंही 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून ग्रामसेवक आप्पा आणि तलाठी आप्पाच चालतं. तुम्हीही तसंच म्हणा, अर्जात मात्र नवं पदनाम लिहा.

नोंद नसेल तर घाबरायचं कारण नाही. रस्ता वहिवाटीत आहे, गावनकाशात दिसतो, असं असेल तर मासिक सभेत ठराव घेऊन नोंद करता येते. आमचा घोळ वेगळा होता. चारशेपैकी साठेक मीटर एका खाजगी गटातून जात होते. मालक सुरतेला कापडाच्या कारखान्यात. फोनवर "हो वहिनी, घ्या ना" म्हणायचे, पण फोनवरचं 'हो' फाइलीला लावता येत नाही. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ते गावी आले, घरी पुरणपोळी-आमरस झाला आणि मग सही. स्टॅम्प पेपरवरचं संमतीपत्र तोंडी शब्दापेक्षा बरं, पण नोंदणीकृत बक्षीसपत्र सगळ्यांत पक्कं. आज राजी असलेल्या मालकाची पोरं उद्या राजी असतीलच असं नाही.

सातपुड्यातल्या गावांची अडचण याहून मोठी असते. धडगाव, अक्कलकुव्याकडे जागा बघावी तर ती वनविभागाची निघते. अशा वेळी "वनजमीन आहे, होणार नाही" एवढ्यावर परत येऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याच्या पाण्याची लाइन अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. हे कलम नावानिशी अर्जात लिहिलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हे मी पाहिलंय.

ग्रामसभा: ठराव असा लिहा

साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. १ मेला खान्देशात चव्वेचाळीस डिग्रीत मारुतीच्या पारावर शंभर माणसं कुठून आणायची, हा खरा प्रश्न. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. काही ठिकाणी हे मुद्दाम घडवतात. पहिल्या सभेला कोणी यायचं नाही, दुसरीला पाच जणांत सगळं मंजूर. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी नक्की जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. माझा अनुभव असा की स्मशानभूमी, पाणी आणि अंगणवाडी हे विषय तिथूनच जोरात येतात. आणि हो, बाई सदस्य असेल तर बोलायचं तिने. तिच्या नवऱ्याने मागे बसून टाळ्या वाजवल्या तरी पुरे.

ठरावात मोघम शब्द नकोत. आमचा दुसऱ्यांदा केलेला ठराव असा होता, लागला तर वापरा:

"मौजे ——— येथील गावठाण ते स्मशानभूमी रस्ता, नमुना २३ अ.क्र. ——, लांबी ४०० मीटर, काँक्रीटीकरण करणे. सदर रस्ता ग्रामपंचायतीच्या ताब्यात असून त्यावर अतिक्रमण नाही. सदर काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर अथवा पूर्ण झालेले नाही. काम पूर्ण झाल्यानंतर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील." खाली सूचक, अनुमोदक, "ठराव सर्वानुमते मंजूर".

यातली तीन वाक्यं, ताबा, दुबार नाही आणि देखभाल, ही नसली की फाइल परत. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून घ्या, आणि सहीशिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. "उद्या देतो" मधला उद्या आमच्याकडे एकदा गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालला.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे, ग्रामसभेचं बळ याहून जास्त. नंदुरबार जिल्ह्याचा अक्कलकुवा, धडगावसह मोठा भाग, धुळ्यात साक्री-शिरपूरचे भाग, जळगावात चोपडा, यावल, रावेरचे भाग त्यात येतात. राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा जाहीर करून घेता येते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. तुमचा पाडा त्यात असेल आणि या पैशाचा हिशेब कधी वाचून दाखवला गेला नसेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न तोच. निधीशिवायही ग्रामसभा काय करू शकते हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊन या. गावाने स्वतःचे नियम करून जंगल राखलं, त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारी योजना तिथे गावाच्या मागून आल्या.

अंदाजपत्रक आणि फाइलीचा प्रवास

ठराव झाला की पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या अभियंत्याला जागेवर आणा. तो टेप लावून मोजेल आणि चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करेल. घरबसल्या "पाच लाख धरा" असं करू नका. आम्ही तसं केलं आणि काम अडीचशे मीटरवर संपलं. पुढचा प्रवास असा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा कामवाटप, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र. तुमची फाइल यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे ते नेमक्या शब्दांत विचारा. "माझ्या कामाचं काय झालं?" या प्रश्नाला "चालू आहे" हे उत्तर मिळतं. "तांत्रिक मान्यता झाली का, क्रमांक काय?" याला टेबलावरचं रजिस्टर उघडावं लागतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासह.

वेळेचं गणित शेतीसारखंच आहे, हंगाम चुकला की गेला. ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून थंडीभर होतो. त्यात काम नसेल तर वित्त आयोगाच्या पैशातून ते होणार नाही, कितीही गरजेचं असलं तरी. जिल्हा नियोजनाची मोठी बैठक साधारण जानेवारीत, म्हणजे प्रस्ताव दिवाळीच्या आत गेलेला बरा. मार्चमध्ये पैसे उडतात, पण ते ज्यांची फाइल आधीपासून तयार असते त्यांच्या गावात.

शहरात राहत असाल तर

माझी नणंद खान्देशातल्याच एका शहराच्या कडेला नव्या कॉलनीत राहते. घरपट्टी नियमित, रस्ता मातीचा. तिला मी तीन कागद शोधायला सांगितले: मंजूर ले-आउट, कॉलनीतले रस्ते व मोकळी जागा कोणाच्या नावावर आहेत तो उतारा, आणि घरपट्टीच्या पावत्या. निघालं असं की मोकळी जागा अजून मूळ मालकाच्याच नावावर. खाजगी नावाच्या जागेवर पालिका बाग करत नाही. गावातला तेवीस नंबर तो हाच, शहरात त्याचं नाव फक्त वेगळं.

जळगाव आणि धुळ्याला २००३ पासून महानगरपालिका आहेत, तिथे अर्ज आयुक्तांच्या नावे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, नंदुरबार अशा नगरपरिषदांत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. शहरी कामांचं मुख्य घर म्हणजे नगरोत्थान अभियान, वस्तीनुसार नागरी दलित वस्ती सुधारणा, पाणी-मलनिस्सारणाच्या मोठ्या कामांसाठी अमृत. कॉलनीच्या पन्नास सह्यांचा एक अर्ज पन्नास अर्जांपेक्षा भारी पडतो. तो पालिकेचं अंदाजपत्रक ठरण्याआधी, हिवाळ्यात द्या.

हातगाडीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिलं कर्ज १५ हजार, वेळेत फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. तारण लागत नाही, व्याजात ७ टक्के सवलत. पालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

गट, घरकुल आणि आपल्या हक्काचे पाच टक्के

बचत गट 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, नोंदवलेला असेल आणि दशसूत्री पाळत असेल, म्हणजे वेळेवर बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब वगैरे, तर फिरता निधी मिळतो. राज्याने तो १५ हजारांवरून ३० हजार केला. गट बिबडे, पापड, केळीचे वेफर्स करत असेल तर कृषी विभागाकडे पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेची चौकशी करा. अन्नप्रक्रियेत असलेल्या गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रांसाठी खर्चाच्या ३५ टक्के अनुदान त्यात आहे. गटाचं रजिस्टर मात्र खरं हवं. बँकेच्या तपासणीच्या आदल्या रात्री वर्षभराच्या बैठका एकाच पेनाने लिहिलेल्या लगेच कळतात.

घरकुलाबद्दल थोडक्यात. सर्वसाधारण यादीतून प्रधानमंत्री आवास, अनुसूचित जातीसाठी रमाई, जमातीसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. 'ड' यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, आपलं नाव कुठे आहे ते ग्रामपंचायतीच्या फलकावर बघा, कोणाला पैसे देऊन बघू नका. हप्त्याआधी आधार बँकेला जोडलेलं असावं लागतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि अजूनही केळीच्या बागेत राबून बोटं घासलेल्या मावशींचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी डोळ्यांची बुबुळं वापरून ओळख पटवून घ्या.

आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर लेखी अर्ज करून विचारा, गेल्या वर्षी हे पाच टक्के कोणाला दिले.

पैसा आल्यावर

कामाच्या जागी योजनेचं नाव, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव असलेला फलक हवा. वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतो, मोबाइलवर गावाचं नाव टाका. ही देयकं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. सही एका डोंगलमध्ये असते, आणि नवीन सरपंचांनो, ते डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नको, तुमच्या कपाटात हवं. सही तुमची, जबाबदारीही तुमची.

काही खटकलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार. मागायचं काय ते नेमकं लिहा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तक्रार असेल तर तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन, तिथे निकाल लागला नाही तर पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातला. तालुक्याचा टोकन जपून ठेवा, जिल्ह्याला विचारतात. फाइल सरकवायला कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

आमच्या रस्त्याचं म्हणाल, तर दुसऱ्या खेपेला फाइल पास झाली. अडीचशे मीटर काँक्रीट झालं, ते मी वर सांगितलेल्या 'पाच लाख धरा'मुळे. पुढचे दीडशे मीटर अजून चिखलच आहे. या वेळी अभियंत्याला आणून टेपने मोजून घेतलंय. ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आहे, आणि सुरतेहून मालकाचा मुलगा बक्षीसपत्रावर सही करायला आदल्या दिवशी येतोय.